बॅग कोणाच्या खांद्यावर?



या सदरात आम्ही आजवर रेशनकार्डापासून वसतिगृहापर्यंत पुष्कळ विषय घेतले. गोल्फ हा विषय कधी येईल असे आम्हांला वाटले नव्हते. गोल्फ म्हणजे पांढरी टोपी, मोठी मोटार आणि निवृत्त झालेले साहेब, एवढीच आमची समजूत. कारकुनाच्या पगारात तो खेळ बसत नाही. पण आमचे थोरले बंधू, ज्यांना घरात सगळे दादा म्हणतात, ते गेल्या उन्हाळ्यात स्कॉटलंडला एडिंबरा शहरी मुलाकडे जाऊन आले आणि तिथे गोल्फचा एक पुरा राउंड खेळून आले. त्याची ही हकीकत.

दादांचा गोल्फशी संबंध जुना. घरात तो फारसा बोलला जात नसे. बारा वर्षांचे असल्यापासून ते मुंबईतल्या एका क्लबात कॅडी होते. कॅडी म्हणजे साहेबाची बॅग वाहणारा पोऱ्या. बॅगेत चौदापर्यंत काठ्या असतात. ती खांद्यावर घेऊन चार तास मागे मागे चालायचे, चेंडू कुठल्या झुडपात गेला ते शोधायचे, साहेब मागेल ती काठी पुढे करायची, झेंडा धरायचा. मजुरी मर्जीवर. पाणी प्यायचा नळ मागच्या बाजूला. आणि एखाद्या पोराने काठी उचलून एक फटका मारून पाहिला, तर दुसऱ्या दिवसापासून त्याला फाटक बंद. दादांनी आठ वर्षे बॅग वाहिली. आमची पहिली पाटी आणि पहिल्या वह्या त्याच पैशांतल्या. आठ वर्षांत त्यांनी एकही फटका मारला नव्हता.

एडिंबऱ्यात नगरपालिकेच्या मालकीची गोल्फ मैदाने आहेत. पैसे भरावे, वेळ घ्यावी, खेळावे. आमच्या पुतण्याने अशाच एका मैदानावर सकाळची वेळ घेतली. गोल्फची जुनी मैदाने समुद्रकाठच्या रेताड जमिनीवरची, त्यांना लिंक्स म्हणतात. हे मैदान शहरातले, मऊ हिरवळीचे, दोन्ही बाजूंना मोठी झाडे. त्याला पार्कलँड म्हणायचे. दादांच्या पुढे दोन म्हाताऱ्या बाया खेळत होत्या. दोघी आपापली बॅग दोन चाकांच्या गाडीवर ओढत होत्या. हे पाहून दादा जरा थबकले.

पहिल्या होलपाशी मुलाने बॅग खाली ठेवली. दादांनी ती न कळत उचलून खांद्याला लावली आणि तीन पावले मागे जाऊन उभे राहिले. मुलगा म्हणाला, "पप्पा, ती खाली ठेवा. आधी तुमची पाळी." दादा म्हणाले, "तू मार, मी चेंडू बघतो." दोघे तसेच उभे. शेवटी मुलाने बॅग काढून घेतली.

पहिले दोन फटके हवेत गेले. तिसऱ्याला चेंडू वीस-पंचवीस पावले घरंगळला. पण भोकाजवळच्या गुळगुळीत हिरवळीवर, ज्याला ग्रीन म्हणतात, दादांचे राज्य. भोक सव्वाचार इंचांचे. जमिनीचा उतार डोळ्यांना दिसत नाही, तो ओळखावा लागतो. दादा खाली बसून पाहत आणि सांगत, "दोन वीत डावीकडे." आठ वर्षे साहेबांना हेच सांगितलेले. सातव्या होलला त्यांनी स्वतः दहा फुटांवरून चेंडू आत घातला. पुतण्या म्हणतो, पप्पा काही बोलले नाहीत, फक्त भोकात हात घालून चेंडू बाहेर काढला आणि बराच वेळ पुसत बसले.

या खेळात ज्याचे फटके कमी तो जिंकतो, आणि रोजच्या खेळात पंच नसतो. फटके ज्याचे त्याने मोजायचे. हवेत गेलेला फटकाही धरायचा. (ऑडिटर नसलेली खातेवही! आम्हां कारकुनांना हे पटायला जड.) दादांचे अठरा होलचे १५१ झाले. त्यांनी एकही लपवला नाही.

स्कॉटलंडमध्येही सगळे सरळ नाही. म्यूरफील्डच्या क्लबाने बायकांना सभासद करून घेण्याचा ठराव २०१७ साली केला. पण सेंट अँड्र्यूजचे जगप्रसिद्ध जुने मैदान आजही सार्वजनिक आहे. रविवारी तिथे खेळ बंद असतो, लोक कुत्री-मुले घेऊन फिरतात. २००३ च्या कायद्याने तर तिथे कोणालाही गोल्फच्या मैदानातून पायी पलीकडे जाण्याचा हक्क आहे. खेळणाऱ्याला अडथळा करायचा नाही, ग्रीनवर पाय द्यायचा नाही, एवढेच.

आपल्याकडे बॅग वाहणाऱ्यांतून खेळाडू निघाले नाहीत असे नाही. दिल्लीचा अली शेर कॅडी होता, त्याने १९९१ साली इंडियन ओपन जिंकली. कलकत्त्याच्या क्लबात गवत राखणाऱ्या माळ्याचा मुलगा शिवशंकर प्रसाद चौरसिया २००८ साली इंडियन मास्टर्स जिंकला. आणि दक्षिण आफ्रिकेतला पापवा सेवगोलम, भारतीय वंशाचा, तोही कॅडीच. १९६३ साली त्याने नाताळ ओपन जिंकली. क्लबाच्या इमारतीत गोऱ्यांखेरीज कोणाला प्रवेश नव्हता, म्हणून त्याला बक्षीस बाहेर पावसात दिले. दादांना ही गोष्ट आम्ही सांगितली तेव्हा त्यांनी एवढेच विचारले, "नळ कुठला होता त्याला?"

आता आमच्या दारातले. सारसोळे जेट्टीवरून पाम बीच रस्त्याने पुढे गेले की नेरूळची पाणथळ जागा लागते. खाडीला भरती आली की रोहित पक्षी तिथे उतरतात. तिथेच गोल्फचे मैदान करायचे ठरले होते. २०१८ साली मुंबई उच्च न्यायालयाने त्याला नकार दिला, पुढे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. दादा खेळून आले म्हणून आमचे मत बदललेले नाही. पाणी बुजवून, कोळ्यांची आणि पाखरांची जागा घेऊन मैदान नको. खुद्द दादांचेही हेच म्हणणे आहे. सिडकोचे गोल्फ मैदान खारघरच्या डोंगराखाली आहेच, तिथे सभासद नसलेल्यालाही पैसे भरून खेळता यावे आणि आपल्या वस्तीतल्या पोरांनाही काठी धरता यावी, इतके मागायला हरकत नाही.

परवा जेट्टीवर बसलो असता आम्ही दादांना म्हटले, एका रविवारी खारघरला जाऊ. वहिनी म्हणाल्या, गुडघे सांभाळा. दादांनी खिशातून ते १५१ चे कार्ड काढले, पाहिले, पुन्हा ठेवले.

"जाऊ," ते म्हणाले, "पण बॅग तू घ्यायचीस."