उंचीचे माप

डोंबिवलीतील एखाद्या जुन्या चाळीत दाराच्या चौकटीवर पेन्सिलीने ओढलेल्या आडव्या रेघा पाहावयास मिळतात. प्रत्येक रेघेपाशी घरातील मुलाचे नाव व तारीख लिहिलेली असते. आजीच्या मते नातू वर्षात चार बोटे वाढलेला असतो. वडील त्याची उंची फुटांत व इंचांत सांगतात. आणि शाळेत तीच उंची सेंटिमीटरमध्ये नोंदली जाते. मुलगा एकच, उंचीही एकच. मापे मात्र तीन! यांपैकी योग्य माप कोणते, हा प्रश्न वाटतो तितका क्षुल्लक नाही.

बोट, वीत आणि हात ही मापे मनुष्याला स्वतःच्या देहातूनच लाभली. विहिरीच्या पाण्याची खोलीही 'दोन पुरुष' अशी सांगण्याची रीत होती. ही मापे सदैव जवळ असतात, हा त्यांचा गुण. परंतु प्रत्येकाची ती निराळी असतात, हा त्यांचा मोठाच दोष. दिनांक 26 जुलै 2005 रोजी उल्हास नदीला महापूर येऊन कल्याण परिसरातील अनेक वस्त्या जलमय झाल्या. अशा प्रसंगी 'रस्त्यात कमरेएवढे पाणी आहे' असे कोणी सांगितले, तर ते कोणाच्या कमरेएवढे? मोठ्या माणसाच्या कमरेला लागणारे पाणी लहान मुलाच्या गळ्याशी पोहोचते. म्हणूनच नदीची पातळी माणसाच्या अंगाने न मोजता मीटरमध्ये मोजतात.

फूट व इंच ही मापे निश्चित आहेत, यात शंका नाही. एक इंच म्हणजे 2.54 सेंटिमीटर, आणि बारा इंचांचा एक फूट. अडचण आहे ती या बारांचीच. पाच फूट पाच इंच ही उंची पुष्कळजण '5.5 फूट' अशी लिहितात, परंतु 5.5 फूट म्हणजे साडेपाच फूट, अर्थात पाच फूट सहा इंच. एका टिंबाने माणूस एका इंचाने वाढतो! पूर्वी सोळा आण्यांचा रुपया होता, तेव्हा हिशेबात अशीच कटकट होत असे. 1 एप्रिल 1957 पासून रुपयाचे शंभर नवे पैसे झाले आणि ती दूर झाली. वजने व मापे यांच्यासाठीही 1956 मध्ये कायदा होऊन देशात दशमान पद्धती टप्प्याटप्प्याने आली.

अचूक मापाचे महत्त्व प्रसंग पडला म्हणजे कळते. पोलीस शिपाई होऊ इच्छिणाऱ्या पुरुष उमेदवाराची उंची महाराष्ट्रात किमान 165 सेंटिमीटर असावी लागते. ठाण्याच्या भरतीसाठी पहाटे उठून वर्षभर धावण्याचा सराव करणारा एखादा तरुण डोळ्यांपुढे आणावा. त्याची खरी उंची पाच फूट पावणेपाच इंच. घरातील मंडळी मात्र कौतुकाने 'पाच फूट पाच' म्हणत आली. पाच फूट पाच इंच म्हणजे 165.1 सेंटिमीटर, पण पाच फूट पावणेपाच इंच म्हणजे केवळ 164.5 सेंटिमीटरच्या आसपास. पाव इंचाचा तो लाडका खोटेपणा मैदानावर उघडा पडतो, आणि वर्षाची मेहनत वाया जाते. हेच माप आधी नीट घेतले असते, तर त्याने वेळीच दुसरी वाट धरली असती.

मग सेंटिमीटरच का? मीटर हे इमारतीला, पुलाला व डोंगराला शोभणारे माप आहे. कळसूबाईचे शिखर 1646 मीटर उंच आहे, हे सांगताना सेंटिमीटर मोजीत बसण्याचे कारण नाही. उलट, माणसाच्या बाबतीत रोज मिलिमीटरचा हट्ट धरणेही व्यर्थ. कारण सकाळी असलेली उंची सायंकाळपर्यंत सुमारे एका सेंटिमीटरने घटते. शाळकरी मूल वर्षाला साधारणपणे पाच ते सहा सेंटिमीटर वाढते. ही वाढ फुटांत दिसत नाही. सेंटिमीटरमध्ये ती स्पष्ट दिसते. अंगणवाडीत बालकांची उंची याच मापात घेतात. वाढ खुंटली असेल, तर ती त्या आकड्यांवरून ध्यानात येते आणि मुलाच्या आहाराकडे वेळीच लक्ष देता येते.

याचा अर्थ आजीची चार बोटे हद्दपार करावीत, असा नव्हे. त्या बोटांत माया असते, आणि मायेला मोजपट्टी लागत नाही. परंतु जेथे मोजमापावरून निर्णय व्हावयाचा असतो, तेथे सर्वांना सारखेच कळणारे माप हवे. दारावरची रेघ अवश्य ओढावी. मात्र तिच्याशेजारी सेंटिमीटरचा आकडा लिहावयास विसरू नये.