आतलं माप

आधीच सांगून ठेवते, आजचा विषय ब्रा हा आहे. मामा, काका, दादालोक, वाचायचं तर खुशाल वाचा, फक्त पुढच्या लग्नात भेटल्यावर विषय काढू नका! मावश्यांनी आणि वहिन्यांनी मात्र शेवटपर्यंत वाचायचंच आहे.

तर झालं असं, की गेल्या दीड वर्षात माझं वजन १४ किलो कमी झालं. साखर काठावर आली होती, डॉक्टरांनी डोळे वटारले आणि मी रोज सकाळी बाळकुम नाक्यावरून कोलशेतच्या दिशेने चालायला लागले. वजन उतरलं तसं सगळ्यांनी कौतुक केलं. कुर्ते आत घेतले. ब्लाऊजचं तर काय, टेलरने आत कापड सोडलेलंच असतं. बाई बारीक झाली की दोन टिपा मारायच्या, जाड झाली की उसवायच्या. अंगठीसुद्धा सोनाराकडून लहान करून आणली. आतल्या कपड्यांकडे मात्र माझं लक्षच गेलं नाही. ती आपली तीच, ३८ बी.

चालताना स्ट्रॅप खांद्यावरून घसरायचा. मी तो आवळायचे. मग मागचा पट्टा पाठीवर वर चढायचा. मी पुन्हा आवळायचे. खांद्यांवर वळ उठले, मान दुखायला लागली आणि भरभर चालणं नको वाटायला लागलं. "आज राहू दे" असं आठवड्यातून तीनदा व्हायला लागलं. ज्या चालण्याने साखर आटोक्यात आली, तेच बंद पडायची वेळ आली, आणि कारण काय, तर मापाचा कपडा नाही! हे फक्त माझंच रडगाणं नाही बरं का. लंडन मॅरेथॉनमध्ये धावणाऱ्या बायकांची पाहणी झाली होती, त्यात सुमारे तिघींत एकीला छाती दुखण्याचा त्रास होता.

शेवटी राम मारुती रोडला गेले. पहिल्या दुकानात काउंटरमागच्या माणसाने नुसतं बघून "३६ देऊ का?" विचारलं. मी आल्या पावली परत! दुसऱ्या दुकानात एक बाई होत्या, त्यांनी आत नेऊन टेपने मोजलं. छातीच्या खाली ३४ इंच, छातीवर ३७. "तुम्हाला ३४ सी लागेल."

सी? बारीक होऊन बी ची सी? मी हसलेच. पण त्यांनी समजावलं ते ऐका, कारण हे मला पन्नाशीला येईपर्यंत कुणी सांगितलं नव्हतं. आकडा म्हणजे छातीखालचा घेर. अक्षर म्हणजे छातीवरचं माप आणि तो घेर यांतला फरक. एक इंच ए, दोन बी, तीन सी, चार डी. म्हणजे अक्षर एकटं काहीच सांगत नाही. ३८ बी चा कप ३४ डी एवढा असतो. त्यामुळे ३४ सी हा माझ्या जुन्या कपापेक्षा लहानच, नाव मोठं असलं तरी! आणि मुख्य गोष्ट अशी, की भार खालच्या पट्ट्याने पेलायचा असतो, स्ट्रॅपने नव्हे. पट्टा सैल असेल तर स्ट्रॅप कितीही आवळा, खांदेच सोलवटणार. नवी ब्रा सगळ्यात बाहेरच्या हुकावर नीट बसायला हवी. इलॅस्टिक सैलावलं की मग आतले हुक.

छाती म्हणजे थोड्या ग्रंथी आणि बाकी चरबी. हे प्रमाण प्रत्येकीत वेगळं. म्हणून तेवढंच वजन घटूनही एकीची छाती दोन माप उतरते आणि दुसरीची जेमतेम. बरगड्यांवरचीही चरबी जाते, म्हणून पट्टाही बदलतो. ताणलेली कातडी पूर्ण आवळून येत नाही. व्यायामाने खालचा स्नायू भरतो, वरची ठेवण पूर्वीसारखी होत नाही. हे सगळं स्वाभाविक आहे, लाजायचं काहीच नाही. मात्र बदल एकाच बाजूला झाला, गाठ लागली, किंवा प्रयत्न न करता वजन उतरत गेलं, तर ते "बारीक झाले" या खात्यात टाकू नका, डॉक्टरांना दाखवा.

आता खरं का लिहितेय ते. शेवटच्या दोन वर्षांत आई आजारपणाने अगदी वाळली होती. मी हौसेने तिचे गाऊन लहान करून आणायचे. तिच्या स्ट्रॅपला सेफ्टीपिन असायची, ती मी रोज बघत होते. खांद्याजवळ तिला ओरखडे उठायचे, तिथे मी खोबरेल तेल लावायचे. पिन कशाला लावलीस, हे एकदाही विचारलं नाही. ती गेल्यावर कपाट आवरताना तिच्या सगळ्या ब्रा निघाल्या, ४० नंबरच्या, प्रत्येकीला दोन-दोन पिना. तिला मागता आलं नाही, मला विचारता आलं नाही. किती साधी गोष्ट होती, दीडशे-दोनशे रुपयांची.

म्हणून माझं म्हणणं एवढंच. वजन पाच-सहा किलोंनी खाली-वर झालं की आतलं माप पुन्हा घ्यायचं. बाळंतपणानंतर, पाळी गेल्यावर, आजारपणानंतरही. आणि घरात आई किंवा सासूबाई वाळत चालल्या असतील, तर गाऊनसोबत हेही विचारायचं. त्या स्वतः सांगणार नाहीत.

असो. वहिनी, तू आठ किलो कमी केलेस म्हणे! रविवारी ठाण्याला ये. टेप मी पर्समध्येच ठेवली आहे.