भंगारातला प्रिंटर आणि कलाशाखा

लिनक्स हे संगणकशास्त्राच्या मुलांचे प्रकरण, कलाशाखेच्या माणसाने त्या वाटेला जाऊ नये, असा एक समज आपल्या महाविद्यालयात पक्का रुजला आहे. मला तो मान्य नाही. ज्यांच्या घरी पैसा बेताचा, त्यांना तर तो परवडणाराही नाही.

आमच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढलेली मी पहिलीच. प्रकल्प, टिपणे, शिष्यवृत्तीचे अर्ज, सारे छापूनच द्यावे लागते. दुकानात पानागणिक पैसे जातात ते वेगळेच. तिथल्या संगणकावर आपला मराठी मजकूर उघडला की जोडाक्षरे फुटतात, वेलांट्या भलत्याच अक्षराला चिकटतात. (पीडीएफ करून नेल्यास हा त्रास बहुधा टळतो, कारण टंक त्या फाइलमध्येच बसवलेला असतो. पण हे आपल्याला सांगतो कोण?)

म्हणून जुन्या सामानाच्या दुकानातून पंधराशे रुपयांना एचपी लेसरजेट १०२० आणला. घरचा संगणकही उतरत्या वयाचा. विंडोज १० चा आधार मायक्रोसॉफ्टने ऑक्टोबर २०२५ मध्ये काढून घेतला, ११ त्याला पेलत नाही. तेव्हा त्यावर लिनक्स मिंट आहे.

मित्रहो, प्रिंटरच्या दोन जाती असतात. एकीला पोस्टस्क्रिप्ट किंवा पीसीएल अशी पानाची भाषा कळते. ‘इथे हे अक्षर काढ’ एवढे सांगितले की पुढचे ती पाहते. दुसरी जात स्वस्तातली. तिला पानाचे ठिपक्याठिपक्यांचे तयार चित्र संगणकाने करून द्यावे लागते. १०२० हा या दुसऱ्या जातीचा, आणि शिवाय विसरभोळा. वीज गेली की तो आपले कामही विसरतो. दर वेळी सुरू केल्यावर फर्मवेअर नावाची छोटी फाइल संगणकाने पाठवावी, तेव्हा कुठे शुद्धीवर येतो. आमच्या गावच्या विजेला हे चांगलेच मानवते!

लिनक्सवर छपाईचा कारभार ‘कप्स’ पाहते. मायकल स्वीट यांनी लिहिलेली ही प्रणाली १९९९ मध्ये प्रथम बाहेर आली. ब्राउझरमध्ये लोकलहोस्ट आणि पुढे ६३१ हा क्रमांक टाकला की तिचे पान उघडते. पण १०२० चे तेवढ्याने भागत नाही. आधी ‘एचपीलिप’ बसवायचे, मग टर्मिनलमध्ये ‘एचपी-सेटअप’ ही आज्ञा द्यायची. ती इंटरनेटवरून एक प्लगइन उतरवून घेते. फर्मवेअर त्यातच असते. त्याच्याविना प्रिंटर यादीत दिमाखात दिसतो आणि कागद मात्र हलत नाही. एचपीलिपची आवृत्ती बदलली की प्लगइनही नव्याने घ्यावे लागते.

हे प्लगइन बंद पेटीसारखे आहे, आत काय आहे ते पाहता येत नाही. माझा आक्षेप आहे तो इथे. अमेरिकेत एमआयटीच्या प्रयोगशाळेत १९८० च्या सुमारास झेरॉक्सचा एक लेसर प्रिंटर होता. त्यात कागद अडकला की संगणकावर बसलेल्यांना तसा निरोप जावा, एवढीच सुधारणा रिचर्ड स्टॉलमन यांना करायची होती. त्याच्या कार्यक्रमाचा मूळ मजकूर त्यांना मिळाला नाही. पुढे १९८३ मध्ये त्यांनी ग्नू प्रकल्प जाहीर केला, त्यामागच्या कारणांत हा प्रसंगही ते सांगतात. आज लिनक्सवर आपण वापरतो त्यांतली कितीतरी साधने त्या प्रकल्पातली आहेत. वस्तू विकत घेऊनही तिच्यावर हक्क कुणाचा, हा प्रश्न राज्यशास्त्राचा आहे, अर्थशास्त्राचा आहे. तो संगणकवाल्यांवर सोडून आपण कसे मोकळे होतो?

जुना प्रिंटर घेताना म्हणूनच किंमत नंतर विचारावी. आधी नाव वाचून तो ‘ओपनप्रिंटिंग’च्या यादीत पाहावा. पोस्टस्क्रिप्ट जाणणारा कचेरीतला थोराड प्रिंटर दोनशे रुपये जास्त देऊनही स्वस्त पडतो.

आपल्या ग्रंथालयामागच्या खोलीत असे तीन प्रिंटर धूळ खात आहेत. ते लिलावात काढण्यापूर्वी त्यांपैकी एक वाचनकक्षात ठेवावा, टोनरच्या खर्चापुरते पैसे पानामागे घ्यावेत, अशी माझी प्राचार्यांना विनंती आहे. बसवून द्यायला मी आणि आमच्या वर्गातली दोघे तयार आहोत. शनिवारची दुपार पुरेल.