टप्प्यात आलेली शिकार

अमेरिकेत राहणाऱ्या आपल्या लोकांच्या दावतीत एक प्रश्न हमखास येतो: ‘मटण झबिहा आहे ना?’ ‘हो’ म्हटलं की विषय संपतो आणि ताटं वाढली जातात. जनावर कुठं वाढलं, त्याला काय चारलं, कापण्याआधी त्याचे किती हाल झाले, हे कुणी विचारत नाही. खाण्यापिण्याबद्दल सांगताना कुरआन ‘हलाल’सोबत ‘तय्यिब’ हा शब्दही वापरतो. तय्यिब म्हणजे निर्मळ, चांगलं. पहिला शब्द आपण दुकानाच्या पाटीवर लावला. दुसरा मात्र विसरलो.

माझं म्हणणं साधं आहे. जो मांस खातो त्याला ते जनावर ओळखता आलं पाहिजे. हे मत पुस्तकातून आलेलं नाही. कोलोरॅडोच्या फ्लॅट टॉप्स डोंगरात ऑगस्टमध्ये चार दिवस एकट्यानं केलेल्या पायपिटीतून ते पक्कं झालं. मी एल्कच्या मागावर गेलो होतो, पण शिकारीला नव्हे. धनुष्यबाणाच्या शिकारीचा हंगाम सप्टेंबरचा. त्याआधी जाऊन कळप कुठं चरतात, कुठं बसतात, पाण्याला कुठून उतरतात हे पाहून ठेवायचं असतं. इथले शिकारी त्याला स्काउटिंग म्हणतात, आपण टेहळणी म्हणू. पाठीवर तंबू, चार दिवसांचा शिधा, अस्वलाला उघडता येणार नाही असा डबा आणि गळ्यात दुर्बीण. हत्यार नाही.

एल्क हे हरणाच्या कुळातलं, आपल्या सांबराहून थोराड जनावर. काश्मीरच्या दाचीगाममधला हंगुल त्याचा जवळचा नातेवाईक. पूर्ण वाढलेला नर तीनशे किलोच्या पुढं जातो. त्याची शिंगं दरवर्षी गळतात, दरवर्षी नव्यानं फुटतात आणि ऑगस्टच्या सुमारास त्यांच्यावरची मखमली साल निघू लागते. नर ती झाडांवर घासून काढतो. खोडाची सोललेली साल, चिखलात लोळल्याच्या खुणा, दबलेलं गवत, ताज्या लेंड्या, हे सगळं वाचत चालावं लागतं. उजाडताना कळप माळाच्या कडेला चरतो. ऊन चढलं की उत्तर उतारावरच्या गर्द झाडीत जाऊन बसतो. दिवसा तापलेली हवा डोंगर चढते, संध्याकाळी थंड होऊन खाली उतरते. हे ध्यानात न घेता निघालात तर तुमचा वास तुमच्या आधी पोचतो. दुपारी ढग गडगडायच्या आत उघड्या कड्यावरून खाली यावं लागतं. चार दिवसांत माणूस वारा, ऊन आणि वेळ पाळायला शिकतो. पाच वेळा नमाज पढणाऱ्याला वेळेचा हा हिशोब परका वाटत नाही. फक्त इथून किब्ला ईशान्येला, एवढं लक्षात ठेवायचं.

ही जागा अशी राहिली ती आपोआप नव्हे. 1919 मध्ये आर्थर कारहार्ट नावाच्या वनखात्यातल्या तरुणाला इथल्या ट्रॅपर्स लेकच्या काठावर बंगल्यांसाठी पाहणी करायला पाठवलं होतं. त्यानं सल्ला दिला की इथं काही बांधू नका. पुढं 1964 चा वाइल्डरनेस कायदा आला आणि 1975 मध्ये फ्लॅट टॉप्सला त्याचं संरक्षण मिळालं. आज इथं मोटार चालत नाही, सायकलही नाही. पायी जा किंवा घोड्यावर. जमीन सरकारी, म्हणजे सगळ्यांची. दाढी राखणारा, सावळा, एकटा माणूस जंगलात काय करतोय, असा दाखला तिथं मला कुणी मागितला नाही.

पण ‘सगळ्यांची’ हा शब्दही जपून वापरावा लागतो. हे डोंगर यूट लोकांच्या शिकारीचे. नेथन मीकर नावाच्या सरकारी एजंटानं त्यांना जबरदस्तीनं शेतकरी बनवायचा हट्ट धरला, त्यांच्या घोड्यांच्या कुरणात नांगर घातला. 1879 मध्ये संघर्ष पेटला आणि 1881 मध्ये यूटांना युटाकडे हाकललं गेलं. जवळच्या गावाला आजही मीकरचंच नाव आहे. मग बाजारासाठी बेसुमार शिकार झाली आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीला कोलोरॅडोत एल्क जवळजवळ संपले. यलोस्टोनच्या भागातून कळप आणून सोडावे लागले, शिकारीवर मर्यादा आल्या. आता या राज्यात अडीच लाखांहून अधिक एल्क आहेत. एका परवान्यावर एकच जनावर. बऱ्याच भागांत नराच्या एका शिंगाला किमान चार टोकं हवीत. खाण्याजोगं मांस वाया घालवणं गुन्हा. आपल्याकडे इस्राफला मनाई आहे, ती इथं कायद्यात लिहिलेली दिसते.

तिसऱ्या दिवशी पहाटे एक मादी, तिचं पिल्लू आणि एक तरुण नर चाळीसेक पावलांवर चरत आले. वारा माझ्या तोंडावर होता, त्यांना माझा पत्ता नव्हता. सप्टेंबर असता, हातात धनुष्य असतं आणि नर नियमात बसता, तर बाण सुटला असता. तेव्हा मला सूरह अल-माइदा आठवली. इहराममध्ये असताना शिकार मना आहे. त्या संदर्भात तिथं सांगितलंय की हाताच्या आणि भाल्याच्या टप्प्यात आलेली शिकार ही परीक्षा आहे, न पाहताही अल्लाहला कोण भितो याची. जंगलात एकटा असलेल्या माणसावर पहारा कुणाचा नसतो. टप्प्यात आलेलं सोडता येणं, ही शिकाऱ्याची पहिली पात्रता.

दुसरी पात्रता नेमाची. बंदुकीच्या गोळीनं मेलेलं जनावर हलाल की नाही, यावर उलेमांत मतभेद आहेत. गोळी कापत नाही, आघातानं मारते, असं उपखंडातले बरेच उलेमा म्हणतात. बाणाबद्दल तसा वाद नाही. अदी बिन हातिम यांच्या प्रश्नांना पैगंबरांनी दिलेली उत्तरं हदीसमध्ये आहेत: अल्लाहचं नाव घेऊन सोडलेलं टोकदार हत्यार धारेनं लागलं तर खा, आडवं लागून मार बसला तर नको, जनावर पाण्यात पडून मेलेलं सापडलं तर नको. म्हणजे मृत्यू नेमका कशानं झाला, याची खात्री खाणाऱ्यानं करायची. पाटी वाचून ती होत नाही.

कुणी विचारेल, इतकं बघितल्यावर मारायचं कशाला? प्रश्न रास्त आहे. पण मी मांस खातो आणि दुकानातला बोकडही मेलेलाच असतो. फरक एवढाच, की त्याच्याकडे मी पाहिलेलं नसतं. मांस सोडणाऱ्याबद्दल मला आदर आहे. न पाहता खाणाऱ्याच्या निरागसपणाबद्दल नाही.

याचा अर्थ भारतात शिकार सुरू करा असा मुळीच नाही. 1972 चा वन्यजीव संरक्षण कायदा आवश्यकच होता आणि आहे. हंगुल आज काहीशेच्या घरात उरलाय, त्याला कुणाच्या हौसेची गरज नाही. पण आपल्याकडे जनावर ओळखण्याची दुसरी रीत होती. कोकणातल्या कितीतरी घरांत कुर्बानीचा बोकड आधी आणून पाळला जायचा. पोरं त्याला पाला घालायची, नाव ठेवायची आणि ईदच्या दिवशी रडायची. ते रडणं कुर्बानीचाच भाग होतं. आता फोनवरून हिस्सा घेतला जातो आणि मांस पिशवीतून घरी येतं. आपल्या खाण्यावर बाहेरून क्रूरतेचा आरोप होतो तेव्हा आपण घोषणांनी उत्तर देतो. खरं उत्तर आपल्या अंगणात होतं, ते आपणच बंद केलं.

येत्या बकरी ईदला ज्यांना शक्य आहे त्यांनी बोकड आठवडाभर आधी आणावा. पोरांना त्याला पाणी पाजू द्यावं. सुरीला धार लावावी, ती त्याच्या नजरेआड ठेवावी. हे सगळं दीननं सांगितलेलंच आहे, त्यासाठी कोलोरॅडोचे डोंगर चढायची गरज नाही.