धुराची वाट बघू नका, पिंपात बघा

गल्लीत दोन-तीन घरांत ताप निघाला की पहिला फोन नगरसेवकाला जातो आणि पहिली मागणी होते धुराच्या गाडीची. गाडी येते, पांढरे लोट निघतात, पोरं मागून पळतात आणि आपण खिडक्या लावून घेऊन निर्धास्त होतो. तो धूर मारतो फक्त त्या घटकेला बाहेर उडत असलेल्या डासांना. डेंग्यू पसरवणारा एडिस डास त्या वेळी बहुधा तुमच्या घरातच असतो. खुंटीवरच्या कपड्यांमागे, पलंगाखाली, देवघराच्या अंधाऱ्या कोपऱ्यात तो बसलेला असतो. मोरीतल्या पिंपात वाढणाऱ्या त्याच्या पिल्लावळीला तर धूर लागतही नाही. साथ भडकल्यावर फवारणी करावी लागते, ती करू नये असं कुणी म्हणणार नाही. पण तिच्या भरवशावर यंदाचा पावसाळा काढता येणार नाही. म्हणून ही कळकळीची विनंती: आज, अंधार पडायच्या आत, घरातलं साठवलेलं पाणी स्वतःच्या डोळ्यांनी बघा.

मोबाइलची बॅटरी लावा आणि पिंपावर वाका. सुरुवातीला काहीच दिसणार नाही, कारण तुमची सावली पडताच अळ्या तळाकडे पळतात. हालचाल न करता मिनिटभर थांबा. श्वास घ्यायला त्यांना वर यावंच लागतं. शेपटाकडची नळी पाण्याच्या पृष्ठभागाला टेकवून, डोकं खाली करून त्या लोंबकळत राहतात. स्वल्पविरामासारखे वाकडे, गोलसर ठिपके दिसले तर ते कोष समजा. त्यातून दोनेक दिवसांत डास बाहेर पडतो. अंड्यापासून उडत्या डासापर्यंतचा सगळा प्रवास आपल्याकडच्या उबदार हवेत आठवड्या-दहा दिवसांत आटोपतो. हा डास फार लांबही जात नाही. जन्मला तिथपासून काही शे मीटरांच्या आतच त्याचं आयुष्य सरतं. तेव्हा तुमच्या लेकराला चावलेला डास कुठल्या लांबच्या नाल्यावरून आला असेल, ही समजूत सोडा. तो तुमच्या नाहीतर शेजारच्या स्वच्छ पाण्यात जन्मला आहे. चावतोही दिवसाच, सकाळी आणि दिवस मावळायच्या आधी जास्त. रात्रीची मच्छरदाणी त्याच्यापुढे फारशी कामाची नाही. मात्र दिवसा झोपणारं तान्हं बाळ आणि तापाने पडलेला माणूस यांना दिवसाच मच्छरदाणीत ठेवा. तापातल्या माणसाला चावलेली मादीच पुढे घरभर रोग वाटते.

‘पाणी साठवू नका’ असं फलकावर लिहिणं सोपं आहे. संभाजीनगर, जालना, सोलापूर, मनमाड, अकोला इथल्या ज्या वस्त्यांनी नळाच्या एकेका पाळीसाठी दिवस मोजले आहेत, त्यांना हे वाक्य वाचून संतापच येईल, आणि तो रास्त आहे. पाणी रोज मिळालं असतं तर ड्रम, रांजण आणि हौद भरून ठेवायची हौस कुणाला होती? ही तक्रार पालिकेकडे लावून धरलीच पाहिजे. पण तिचा निकाल लागेपर्यंत डास थांबणार नाही.

तर मग साठवा, पण उघडं ठेवू नका. प्लॅस्टिकच्या ड्रमचं झाकण बहुतेक घरांत तडकलेलं असतं किंवा हरवलेलं असतं. जुन्या सुती साडीचं दुहेरी फडकं ड्रमच्या तोंडावर ताणून सुतळीने किंवा सायकलच्या जुन्या ट्यूबच्या पट्टीने आवळून बांधा. फडकं मध्ये लोंबून पाण्याला टेकता कामा नये. खोलगट झाकणावर पावसाचं पाणी साचतं, तेही तितकंच घातक. नळ यायच्या आदल्या दिवशी ड्रम तळाला गेलेला असतो. तीच घासायची वेळ. पाळी आठवड्याहून लांबली असेल तर उरलेलं पाणी फडक्यातून गाळून दुसऱ्या भांड्यात घ्या. पाणी वाया जात नाही आणि अळ्या फडक्यावर राहतात. ते फडकं मोरीत किंवा गटारात खळबळू नका. कोरड्या फरशीवर, उन्हात झटका. पाण्याबाहेर त्या तगत नाहीत.

नुसतं उपसून भागत नाही, कारण मादी अंडी पाण्यात सोडत नाही. ती पाण्याच्या रेषेच्या जरा वर, भांड्याच्या ओलसर भिंतीला चिकटवते. काजळीची पुसट रेघ असावी तशी ती दिसतात. पाणी आटलं तरी ही अंडी कित्येक महिने तग धरतात आणि पुन्हा पाणी चढलं की फुटतात. उन्हाळाभर माळ्यावर पालथा पडलेला ड्रम पावसाळ्यात भरला आणि आठवड्यात घरात डास झाले, याचं कारण हेच. त्यामुळे काथ्या किंवा तारेची घासणी घेऊन आतली भिंत काठापर्यंत जोर लावून घासा. शिवाय ही मादी सगळी अंडी एका जागी घालत नाही. थोडी या ड्रममध्ये, थोडी त्या कुंडीखालच्या ताटलीत, अशी वाटत फिरते. पाच भांडी घासून सहावं राहिलं, तर ते सहावं तुमच्यासह शेजाऱ्यालाही भोवेल.

घासायला उतरता येत नाही अशा मोठ्या हौदात गप्पी मासे सोडा. आरोग्य विभागाकडे ते मिळतात. आशाताई किंवा आरोग्यसेवक दारात आले की ‘आमच्याकडे काही नाही’ म्हणून त्यांना बाहेरूनच परत पाठवू नका. अॅबेट या अळ्या मारणाऱ्या औषधाचा वास येतो म्हणून ते टाकलेलं पाणी त्यांची पाठ फिरताच ओतून देणारेही आपणच. ठरल्या मात्रेत ते वापराच्या पाण्यात चालतं. मात्रा त्यांनाच ठरवू द्या.

बाकीच्या जागा तुम्हाला ठाऊक आहेत, फक्त तिकडे नजर जात नाही. फ्रिजच्या मागचा पाण्याचा ट्रे, न वापरलेला कूलर, मनी प्लांटची बाटली, पाखरांसाठी ठेवलेलं भांडं, पत्र्यावर टाकलेले टायर, करवंट्या. गळतीसाठी गच्चीवर अंथरलेल्या ताडपत्रीच्या सुरकुत्यांत तर आठवडाभर पाणी राहतं. गच्चीवरच्या टाकीचं झाकणही बघा, कारण शहरात हिवताप पसरवणारा डास तिथे वाढतो. गटाराच्या घाण पाण्यातला क्यूलेक्स डास वेगळा, तो हत्तीरोग पसरवतो. त्याच्यासाठी शौचालयाच्या व्हेंट पाइपला जाळी आणि सांडपाण्याला शोषखड्डा हवा. नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णी गावाने घरोघर शोषखड्डे घेतले, उघडी गटारं संपवली आणि डास हटवून दाखवले. ते कुठल्या मोठ्या शहराला जमलेलं नाही.

आता तापाविषयी. तो अंगावर काढू नका आणि दुकानातून दुखण्याची गोळी आणून खाऊ नका. डेंग्यूत अॅस्पिरिन, आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅक यांनी रक्तस्रावाचा धोका वाढतो. तापाला पॅरासिटामॉल, तेही डॉक्टरांनी सांगितलं तेवढंच. पाणी, पेज, सरबत देत राहा. सगळ्यांत फसवा दिवस ताप उतरतो तो. ‘उतरला एकदाचा’ म्हणून घर सुस्कारा टाकतं आणि गंभीर रुग्णांची प्रकृती नेमकी त्याच सुमाराला, पुढच्या एक-दोन दिवसांत, ढासळते. पोटात जोराची कळ, न थांबणाऱ्या उलट्या, हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त, काळी शी, हातपाय गार पडणं, लघवी कमी होणं, गुंगी येणं, यातलं एकही दिसलं तर रात्र सरायची वाट बघू नका, दवाखाना गाठा. प्लेटलेटच्या आकड्यावर नजर लावून बसण्यापेक्षा ही लक्षणं बघा. आधी डेंग्यू होऊन गेला असेल तर जास्त सावध राहा. त्याचे चार प्रकार आहेत आणि दुसऱ्यांदा वेगळ्या प्रकाराचा झाला तर तो अधिक गंभीर होऊ शकतो. घरात गरोदर बाई असेल तर झिकाचीही भीती आहे. 2021 साली पुरंदर तालुक्यातल्या बेलसरमध्ये त्याचा राज्यातला पहिला रुग्ण सापडला, 2024 मध्ये तो पुण्यात पसरला. वाहक तोच, एडिस.

गौरी-गणपतीची साफसफाई घरोघर निघाली आहे. भांडी घासायला काढलीच आहेत, तर ड्रम आणि कूलरही त्यातच घ्या. मंडळांनी मांडवाच्या छतावर साचणारं पाणी रोज काठीने उतरवावं. आणि मुंबई-पुण्याहून गावी निघालेल्यांना खास सांगणं: तुम्ही आठ-दहा दिवस घर बंद ठेवता, आणि डासाला एक पिढी काढायला तेवढेच दिवस लागतात. निघायच्या दिवशी बादल्या पालथ्या घाला, फ्रिजचा ट्रे आणि कुंड्यांच्या ताटल्या कोरड्या करा, फुलदाणीतलं पाणी फेका, कमोडचं झाकण लावा, मोरीच्या जाळीवर जड पाट ठेवा. किल्ली शेजाऱ्यांकडे देऊन जा, म्हणजे तपासणीला आलेल्या माणसाला कुलूप बघून परत जावं लागणार नाही.