घरातला कपडा आपल्याच मापाचा हवा

बाहेर जाताना काय घालायचं याचा आपण जेवढा विचार करतो, त्याच्या निम्मादेखील घरातल्या कपड्यांचा करत नाही. अंगावर जास्त वेळ मात्र तेच असतात. मी पतसंस्थेत कारकुनी करते. संध्याकाळी साडेसहाला घरात पाऊल टाकल्यापासून दुसऱ्या दिवशी साडेनऊपर्यंत माझ्या अंगावर गाऊन नाहीतर सुती पायजमा असतो. स्वयंपाक, भांडी, अभ्यास घेणं, झोप, सगळं त्यातच होतं. रविवारी तर दिवसभर तोच असतो. आणि हाच कपडा आपण रस्त्याकडेच्या ढिगातून ‘फ्री साइज’ म्हणून उचलून आणतो.

हा कपडा घरीच शिवावा, पेपर कटिंग करून शिवावा आणि जमेल तिथे ज्याने घालायचा त्यानेच शिवावा, असं माझं ठाम मत आहे.

असं म्हटलं की बायका पहिल्यांदा म्हणतात, आम्हाला शिवण येत नाही. ब्लाऊज शिवायचा असता तर मीही मान्य केलं असतं. ब्लाऊजमध्ये मुंढा पाव इंच चुकला तरी हात वर होत नाही, टक्स सरकले की पुढचं सगळं बिघडतं. पायजम्याचं तसं नाही. त्याला काज-बटण नाही, कॉलर नाही, बाही नाही. तो मुळातच सैल असतो, त्यामुळे इकडेतिकडे थोडं झालं तर अंग तक्रार करत नाही. शिवणक्लासमध्ये झबलं आणि टोपडं आधी शिकवतात. माझं म्हणणं आहे, मोठ्या माणसाला शिकवताना पायजम्यापासून सुरुवात करावी. पहिल्याच कपड्यात त्याला स्वतःच्या अंगाची ओळख होते.

मी एकदा एक फाटलेला तयार पायजमा शिवणीतून उसवून, इस्त्री करून टेबलावर पसरला. पुढचा आणि मागचा भाग जवळजवळ सारखाच कापलेला होता. शिवणीच्या आत माया म्हणून पाव इंचही कापड ठेवलेलं नव्हतं. आपण खाली बसतो तेव्हा कमरेपासून मांडीपर्यंतचं मागचं अंतर वाढतं. म्हणून मागचं आसन पुढच्यापेक्षा किमान दीड इंच उंच हवं. तेवढं दिलं नाही की पाटावर बसलं, फरशी पुसायला वाकलं, की पायजमा मागून खाली सरकतो आणि बाई हाताने वर ओढत राहते. पुष्कळ बायकांना वाटतं की आपलंच अंग सुटलंय. अंगाचा काही दोष नसतो. दीड इंच कापड वाचवलेलं असतं.

माझी सीट 40 इंच आहे. तिचे निम्मे 20, ढिलाईचे 3, पुढच्या आसनाचे अडीच आणि मागच्या आसनाचे 4 असे साडेएकोणतीस इंच झाले. दोन्ही बाजूंची माया धरून साडेतीस. एका पायाचा एकच तुकडा, बाजूला शिवण नाही, आणि 36 इंची पन्ह्यात तो आरामात बसतो. अडीच मीटर कापडात दोन पाय, नेफा आणि उरलेल्या पट्टीतून खिसा निघतो. वर्तमानपत्राची पानं खळीने जोडून त्यावर हे सगळं स्केचपेनने आखायचं आणि कापायचं. एकदा नीट जमलं की तेच खाकी कागदावर उतरवून ठेवायचं, त्यावर नाव, सीट, उंची आणि तारीख लिहायची. पुढची कित्येक वर्षं फक्त कापड बदलतं.

खिशाचं माप पट्टीने घेऊ नका. कागदावर आपला पंजा ठेवा, बोटांच्या टोकांपुढे दोन इंच सोडा आणि भोवतीने रेघ ओढा. बाईच्या कपड्याला खिसा का नसतो यावर मला वाद घालायचा नाही. मला किल्ली आणि मोबाइल ठेवायला जागा हवी, ती मी करून घेतली.

मी जयसिंगपूरला राहते, त्यामुळे कापडासाठी इचलकरंजी जवळ. तिथे 1904 साली पहिला यंत्रमाग आला आणि आज सुती कापडासाठी ते गाव देशभर ओळखलं जातं. पॉपलीन, केंब्रिक यांचे तागेच्या तागे तिथे डोळ्यांसमोर असतात. घरातल्या कपड्याला केंब्रिक उत्तम. धुऊन धुऊन ते मऊ होतं आणि घाम टिपतं. पॉपलीन जरा दणकट, पण थंडीत चांगलं. चकाकणारं मिश्र धाग्याचं कापड मी घेत नाही. आपल्याकडच्या एप्रिल-मे महिन्यात ते घालून गॅससमोर उभं राहणं म्हणजे शिक्षा आहे. सुती कापड आणलं की रात्रभर पाण्यात भिजत घालायचं, न पिळता वाळवायचं आणि ओलसर असतानाच इस्त्री करायची. सुती कापड शंभर इंचांना तीन ते पाच इंच आटू शकतं. हे न करता कापलं, तर पहिल्याच धुण्यात पायजमा घोट्याच्या वर जातो.

शिवायला घरातलं साधं मशीन पुरतं, ओव्हरलॉक नसलं तरी चालतं. दोन कडा जोडून टीप मारायची, त्यातली एक कड निम्मी कापायची, दुसरी तिच्यावर दुमडायची आणि वरून पुन्हा टीप. आतून दोरे निघत नाहीत आणि मांडीला काही टोचत नाही.

1863 साली अमेरिकेत एबेनेझर बटरिक नावाच्या शिंप्याने वेगवेगळ्या मापांची पेपर कटिंग्ज छापून विकायला सुरुवात केली. त्याआधी कापणी हे शिंप्याच्या हातातलं गुपित होतं. ते कागदावर आलं आणि घराघरांत पोचलं. जर्मनीतल्या ऐने बुर्डा यांनी 1950 साली मासिक काढलं. त्याच्या अंकात मोठ्या घडीचे ड्राफ्ट मिळू लागले आणि महायुद्धात होरपळलेल्या देशातल्या बायका घरच्या घरी नीटस कपडे शिवू लागल्या. आपल्याकडे वेगळं घडलं. 1909 साली रमाबाई रानड्यांच्या पुढाकाराने पुण्यात सेवासदन उभं राहिलं. तिथल्या शिवणवर्गांनी निराधार बायकांना स्वतःच्या पायावर उभं केलं, ते ऋण फार मोठं आहे. के. आर. झारापकरांच्या कटिंगच्या पुस्तकावर तर शिंप्यांच्या पिढ्या शिकल्या. पण या सगळ्यातून शिवण आपल्या मनात पोटापाण्याची वस्तू म्हणून बसली. नाहीतर लग्नात द्यायचं मशीन म्हणून. कमावत्या घरातल्या बाईने किंवा पुरुषाने स्वतःसाठी, स्वतःच्या सुखासाठी शिवावं, हे आपल्याकडे रुजलंच नाही. मशीनवर फुलांचं कव्हर आणि कव्हरवर टीव्हीचा रिमोट, असं चित्र मी किती घरांत पाहिलं आहे.

घरातल्या कपड्याकडे कमीपणाने बघायचीही आपल्याला सवय आहे. 2018 मध्ये आंध्रातल्या पश्चिम गोदावरी जिल्ह्यात तोकलपल्ली गावाने बायकांना सकाळी सात ते संध्याकाळी सात नाइटी घालायला बंदी केली आणि मोडल्यास दंड ठेवला. ते वाचून मला राग आला, आजही येतो. दिवसभर राबणाऱ्या बाईला गाऊन का सोयीचा वाटतो, हे कोणी विचारलं नाही. आपल्या गल्लीतही भाजीवाला आला की बाई गाऊनवर ओढणी नाहीतर टॉवेल टाकून दारात येते. जाड कापडाचा, नीट गळ्याचा, खिसेवाला, पोटरीपर्यंत घेर असलेला गाऊन स्वतः शिवला तर टॉवेल शोधावा लागत नाही. मी तसाच शिवते आणि त्यावरच किराणा आणायला जाते.

माझ्या मताला धार आली ती आईमुळे. तिचा उजवा खांदा मोडला आणि हात वर होईना. बाजारातले गाऊन डोक्यातून घालायचे, पुढे छातीपर्यंत चार बटणं. रोज सकाळी वहिनी आणि मी तिला गाऊन चढवायचो आणि ती दुखण्याने आणि संकोचाने रडायची. मग तिच्या जुन्या गाऊनवरून कागद कापला. पुढून तळापर्यंत उघडा ठेवला, मुंढा दीड इंच खाली घेतला, उजवी बाही खांद्यापासून मनगटापर्यंत मोकळी सोडून तिला नाड्या लावल्या. बटणं डाव्या हाताने लावता येतील अशी मोठी घेतली. तो गाऊन आईने स्वतःच घातला, कुणाला हाक मारली नाही. तिच्यासारखी म्हातारी माणसं आज घरोघरी आहेत. पक्षाघाताने एक बाजू गेलेली आहेत, लघवीची नळी लावलेली आहेत. त्यांच्या अंगाला बसेल असा कपडा मला आमच्या बाजारात कुठेही मिळाला नाही. तो त्यांच्या माणसांनीच शिवायला हवा.

यंत्रांवर टीका करणाऱ्या गांधीजींनी 1924 मध्ये एका संभाषणात सिंगरच्या शिवणयंत्राचा अपवाद केला होता. बायकोचे शिवणाचे कष्ट पाहून सिंगरने ते घडवलं, त्यामागे प्रेम होतं, असं ते म्हणाले होते. आईचा गाऊन शिवताना मला ते पटलं.

यामुळे शिंप्यांचं काम जाईल असं कुणी म्हणेल. आमच्या गल्लीतले शिंपी गाऊन-पायजमे घेतच नाहीत, त्यांना ते परवडत नाही. उलट स्वतः एकदा आसन जोडलं, नेफा ओवला, की ब्लाऊजच्या शिलाईवर घासाघीस करायला जीभ रेटत नाही. माझी तरी रेटत नाही.

शाळेत सातवी-आठवीच्या मुलामुलींना, दोघांनाही, पायजमा शिवायला शिकवावा. भाच्याने सुट्टीत माझ्याकडे राहून स्वतःचा शिवला आणि तोच घालून तो वसतिगृहात गेला. आणि शाळांची वाट न बघता करण्यासारखंही काही आहे. वाचनालयात पुस्तकं मिळतात तशी पेपर कटिंग्जही मिळावीत: पायजमा, गाऊन, आजाऱ्याचा पुढून उघडणारा गाऊन, पुरुषांचा लेंगा, प्रत्येकाची 32 पासून 48 पर्यंतची मापं, सूचना मराठीत. आठ दिवसांसाठी न्यायची, घरी कागदावर उतरवायची आणि परत द्यायची. आमच्या वाचनालयाच्या समितीकडे मी तसा अर्ज दिला आहे. आखून, कापून मी देईन. खाकी कागद आणि एक कपाट त्यांनी द्यावं.