प्रश्न उद्भवत नाही

बारामती लोकसभा मतदारसंघात निवडणूक आली की एक वाक्य हमखास कानावर पडतं : संसदेत प्रश्न विचारून आणि भाषणं ठोकून काय होतं, खासदाराने निधी आणला पाहिजे. २०२४ मध्ये नणंद विरुद्ध भावजय अशी लढत लागली, तेव्हा पारापारावर हाच सूर होता. त्यावर दुसऱ्या बाजूचं उत्तरही ठरलेलं. खासदार सुप्रियाताई सुळे यांनी इतके प्रश्न विचारले, इतकी हजेरी लावली, संसदरत्न पुरस्कार मिळवला. एकाच्या हातात रस्त्यांची यादी, दुसऱ्याच्या हातात प्रश्नांची. मतदाराने ताईंना दीड लाखाहून जास्त मताधिक्याने कौल दिला आणि विषय तिथेच मिटला. माझ्या मते तो तिथे सुरू व्हायला हवा होता, कारण दोन्ही याद्यांमधून मुलं निसटतात.

आधी निधीचं बघू. खासदाराच्या वाट्याला स्थानिक विकास निधी येतो वर्षाला ५ कोटी. त्यात बारामती, इंदापूर, दौंड, पुरंदर, भोर, खडकवासला असे सहा विधानसभा मतदारसंघ. शिवाय हा पैसा टिकाऊ बांधकामासाठी असतो. त्यातून अंगणवाडीची खोली उभी राहते, पण खोलीतल्या सेविकेचं मानधन निघत नाही आणि पातेल्यातली डाळही येत नाही. बालकल्याणाचा बहुतेक खर्च रोजचा आणि महिन्याचा असतो. त्याची कोनशिला बसवता येत नाही. केंद्राने २०१७ मध्ये अंगणवाडीतल्या बालकाच्या पूरक आहारासाठी दिवसाला ८ रुपये धरले. २०१८ च्या ऑक्टोबरपासून सेविकेच्या मानधनाचा केंद्रीय दर महिना ४,५०० रुपये झाला. आठ रुपयांत सहा वर्षांखालच्या पोराला काय वाढायचं, हे विचारायची जागा गल्लीत नाही. ती सभागृहात आणि अर्थसंकल्पात आहे. म्हणून ‘प्रश्न नको, निधी आणा’ म्हणणारा माणूस नकळत मुलांचा निधीच नाकारत असतो.

‘पण विचारून मिळतं काय?’ हा त्यापुढचा आक्षेप. जवळचंच उदाहरण देतो. जून २०१९ मध्ये विधान परिषदेत नीलम गोऱ्हे यांनी बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांबद्दल विचारलं. प्रश्न विचारणाऱ्या शिवसेनेच्या, उत्तर देणारे आरोग्यमंत्री एकनाथ शिंदेही शिवसेनेचेच. उत्तरात आकडा आला : तीन वर्षांत ४,६०५ शस्त्रक्रिया. गावोगाव कुजबुजीत असलेली गोष्ट सरकारच्या तोंडून नोंदली गेली. मग गोऱ्हे यांच्याच अध्यक्षतेखाली समिती बसली. ८२,३०९ बायकांची पाहणी झाली आणि त्यातल्या १३,८६१ जणींची गर्भाशयं काढलेली निघाली. एका प्रश्नाने बीडचा आगाऊ उचल देऊन मजूर बांधून ठेवायचा धंदा बंद झाला नाही, हे मान्य. पण ‘असं काही नाही’ म्हणायची सोय संपली.

उत्तर रिकामं आलं तरी ते वाया जात नाही. टाळेबंदीत घराकडे पायी निघालेल्या मजुरांपैकी किती दगावले, असं सप्टेंबर २०२० मध्ये लोकसभेत विचारलं गेलं. अशी माहिती ठेवली जात नाही, असं कामगार मंत्रालयाने लेखी कळवलं. त्या अधिवेशनात तोंडी प्रश्नांचा तास गुंडाळलेला होता, लेखी प्रश्न तेवढे उरले होते. तरीही त्या एका ओळीने जेवढी लाज काढली, तेवढी दहा मोर्चांनी निघाली नसती. आणखी मागे जायचं तर गोपाळ कृष्ण गोखल्यांचं सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचं विधेयक १९१२ मध्ये ३८ विरुद्ध १३ मतांनी पडलं. सहाच वर्षांत मुंबई इलाख्यात त्या दिशेचा कायदा झाला. ‘मतदानात पडलं म्हणजे फुकट गेलं’ असं म्हणणाऱ्यांना गोखल्यांनंतरचा इतिहास कुणी तरी शिकवावा.

इथवर ताईंचे समर्थक खूश असतील. आता त्यांची पाळी.

प्रश्नांची बेरीज म्हणजे कामगिरी, हा समजही तितकाच पोकळ आहे. लोकसभेत दिवसाला २० तारांकित आणि २३० अतारांकित प्रश्न लागतात. कुणाचा लागणार हे सोडत ठरवते. तारांकितांपैकी मोजकेच पुकारले जातात आणि उपप्रश्नाची संधी तेवढ्यांनाच. बाकीच्यांना लेखी उत्तर मिळतं, आणि ते लिहिणाऱ्या बाबूची कला वाखाणण्याजोगी असते. मुंबईत विधिमंडळात विचारा : ‘अमुक घडले हे खरे आहे काय, असल्यास शासनाने कोणती कार्यवाही केली, नसल्यास विलंबाची कारणे काय?’ उत्तर येतं : ‘हे खरे नाही. प्रश्न उद्भवत नाही.’ फार झालं तर ‘अंशतः खरे आहे’, आणि कोणता अंश ते बाबूच ठरवणार. दिल्लीची तऱ्हा निराळी. तिथे योजनेचा इतिहास, उद्दिष्टं, राज्यवार तक्ता असं चार पानी परिशिष्ट जोडतात, आणि शेवटी अंमलबजावणी राज्य सरकारं करतात, हे ठेवणीतलं वाक्य. प्रश्न ढोबळ असला की उत्तर ढोबळ द्यायची मुभा मिळते. ‘कुपोषण रोखण्यासाठी सरकारने काय पावले उचलली?’ असं विचारणं म्हणजे मंत्रालयाला माहितीपुस्तिका छापायला सांगणं. तसे शंभर प्रश्न विचारले तरी तक्त्यातली खूण वाढते, अंगणवाडीतलं काही बदलत नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत वयाच्या मानाने उंची कमी असलेली महाराष्ट्रातली पाच वर्षांखालची मुलं २०१५-१६ मध्ये ३४.४ टक्के होती, २०१९-२१ मध्ये ३५.२ टक्के. राज्याची सरासरी कळली. इंदापूर तालुक्यातल्या सणसरच्या उसाच्या फडाकडेला पाचटावर निजलेल्या पोराची उंची त्यात कुठे सापडते?

आणि बारामती-इंदापूरचा खरा प्रश्न तोच आहे. १८८५ मध्ये नीरा डावा कालवा आला आणि या भागाचं नशीब पालटलं. आज बारामतीत माळेगाव आणि सोमेश्वर, इंदापुरात भवानीनगरचा छत्रपती, कर्मयोगी, नीरा-भीमा हे सहकारी कारखाने, शिवाय शेटफळगढ्याचा बारामती अॅग्रो. ऑक्टोबर-नोव्हेंबरात गळीत सुरू झालं की बीड, नगर, सोलापूरकडून टोळ्या उतरतात. कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. मुकादमाने उचल दिलेली असते, ती फेडायची. पहाटे अंधारात जोडी फडात जाते आणि कोपीत, म्हणजे पाचटाच्या झोपडीत, राहते सात-आठ वर्षांची थोरली, धाकट्याला सांभाळत. पट्टा पडेपर्यंत, म्हणजे मार्च-एप्रिलपर्यंत, हेच तिचं घर आणि हीच तिची शाळा.

या पोरीसाठी आणि तिच्या धाकट्यासाठी योजना नाहीत असं नाही. गावी ठेवायचं तर हंगामी वसतिगृह आहे, सोबत आणायचं तर शिक्षण हमी कार्ड. साखरशाळा होत्या; शिक्षणहक्काचा कायदा आल्यावर जवळच्या शाळेत घाला, असं ठरलं. ऊसतोड कामगारांसाठी गोपीनाथ मुंडे यांच्या नावाचं महामंडळ आहे. धाकट्याच्या अंगणवाडीतल्या नोंदीसाठी २०२१ पासून पोषण ट्रॅकर आहे. स्थलांतरितांचा माग ठेवणारी राज्याची वेगळी प्रणालीही २०२२ मध्ये आली. अडचण अशी की गावच्या अंगणवाडीच्या वहीत धाकटं पोर ‘स्थलांतरित’ असतं आणि इथल्या वहीत ते कुणीच नसतं. तिथली सेविका म्हणते गेलं, इथली म्हणते आमच्या सर्वेक्षणात नव्हतं. पोरं अंगणवाडीत आलीच तर हजारोंनी उतरलेल्या टोळ्यांना पुरेल एवढा शिधा इथल्या सेविकेकडे कुठून असणार? दोघींपैकी कुणालाही दोष द्यायला माझी जीभ रेटत नाही.

या मुलांचे आईबाप बारामतीचे किंवा इंदापूरचे मतदार नाहीत. त्यांच्यासाठी विचारलेल्या प्रश्नाचं इथे एकही मत मिळत नाही. मला हेच कसोटीचं वाटतं. मतदाराचं गाऱ्हाणं कुठलाही पुढारी दिल्लीला नेतो.

आता सर्वांत टोकदार आक्षेप : सत्ता, कारखाने, पतसंस्था सगळं पवार घराण्याच्याच माणसांकडे, आणि प्रश्न दिल्लीला! १९९९ पासून २०१४ पर्यंत राज्यात त्यांचीच राष्ट्रवादी काँग्रेस सत्तेत होती, तेव्हाही कोप्या अशाच होत्या. आक्षेप खरा आहे, आणि तो झटकून टाकणाऱ्या समर्थकाशी माझं जमणार नाही. पण त्यातून निष्कर्ष काय काढायचा? प्रश्न विचारू नये, असा नाही. तो तीन ठिकाणी विचारावा, असा. आहाराचा आणि मानधनाचा दर दिल्लीत ठरतो. महामंडळाला कारखान्यांकडून टनामागे यायचा पैसा, वसतिगृहं आणि मुकादमावरचा वचक मुंबईचा विषय. कोपीजवळ पाण्याचा टँकर, संडास आणि पाळणाघर ही कारखान्याच्या वार्षिक सभेत उभं राहून विचारायची गोष्ट आहे, आणि तिथे अध्यक्षांना ‘प्रश्न उद्भवत नाही’ म्हणता येत नाही, कारण विचारणारा सभासद असतो. १९९४ मध्ये शरद पवारांच्याच सरकारने देशातलं पहिलं महिला धोरण आणलं, हे इथला माणूस अभिमानाने सांगतो. त्या अभिमानाचा थोडा हिशेब कारखान्याच्या गाडीतळावरही मागितला पाहिजे.

लोकसभेतला प्रश्न मात्र असा हवा : गेल्या तीन गळीत हंगामांत इंदापूर आणि बारामती तालुक्यांत बाहेरून आलेल्या सहा वर्षांखालच्या किती बालकांची नोंद पोषण ट्रॅकरवर मूळ गावातून इथल्या अंगणवाडीत हलवली; त्यांपैकी किती जणांची वजन-उंची डिसेंबर ते मार्च दर महिन्याला घेतली; त्यांच्या शिध्यासाठी या तालुक्यांना किती जादा तरतूद मिळाली; आणि माहिती ठेवलेली नसल्यास ती कोणत्या तारखेपासून ठेवणार. शेवटचं पोटकलम महत्त्वाचं, कारण मंत्र्याने तारीख दिली की ते आश्वासन ठरतं आणि आश्वासन समिती त्याचा पाठपुरावा करू शकते. सूचनेला पूर्ण पंधरा दिवस लागतात. हिवाळी अधिवेशन आणि गळीत हंगाम एकाच वेळी चालतात, तेव्हा बॉयलर पेटायच्या आठवड्यातच ती सचिवालयात पडलेली बरी.